जुना ध्वनिसंच आणि पाडून मागितलेली किंमत

वडीलधाऱ्यांनी १९८० च्या सुमारास हौसेने घेतलेला टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी विकावयास काढली की पहिला प्रश्न येतो, "शेवटची किंमत बोला." पाठोपाठ सांगितलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा देऊ केला जातो. घरातील मंडळी दुखावतात. वस्तुतः त्यात अपमान नसतो. घराला त्या संचात गेलेले दिवस दिसतात; घेणाऱ्याला दुरुस्तीचा खर्च दिसतो.

आणि तो खर्च काल्पनिक नसतो. सुई झिजलेली असते, रबरी पट्टा सैल पडलेला असतो, अ‍ॅम्प्लिफायरमधील जुने कपॅसिटर सुकलेले असतात. स्पीकरच्या पडद्याभोवती फोमची कड असेल, तर बोट लावताच तिचा चुरा होतो. लाकडी पेटी पुसून चकचकीत केल्याने यातले काहीच बदलत नाही. म्हणून जाणत्या कारागिराकडून संच तपासून घ्यावा, दोष लिहून काढावेत आणि ते आधीच सांगावेत. लपवलेला एक दोष सापडला की उरलेल्या निर्दोष भागांवरचाही ग्राहकाचा विश्वास उडतो.

किमान रक्कम मात्र बोलणी सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावी. ती ठरवताना इतरांनी मागितलेल्या किमती नव्हे, तर प्रत्यक्ष झालेले व्यवहार पाहावेत; मागण्याला मोल पडत नाही! समजा, १८,००० रुपये सांगितले आणि ६,००० ची मागणी आली, तर रागावण्याऐवजी "हा आकडा कसा काढलात?" असे विचारावे. सुईची, पट्ट्याची किंमत मोजून दाखवणारा खरा गिऱ्हाईक असतो. त्याच्याशी बोलत राहावे. नुसतेच "जुनेच तर आहे" म्हणणाऱ्यास "या रकमेत जमणार नाही" एवढे उत्तर पुरे.

पैसे यूपीआयने येणार असतील, तर रक्कम स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे घरातील ज्येष्ठांना बजावून सांगावे. पिन मागणारा ग्राहक नव्हेच.

सौदा ठरत आला की हमखास आणखी एक वाक्य येते, "तबकड्याही त्यातच द्या." हीसुद्धा पाडून मागितलेली किंमतच असते. तबकड्यांचा भाव वेगळा करावा. आणि नाट्यसंगीताच्या ज्या चार तबकड्या आईला हव्या आहेत, त्या ग्राहक घरी येण्यापूर्वीच कपाटात ठेवाव्यात.