सावधगिरीचा भार कोणावर?

मडके वाजवून घ्यावे, हा बाजारातला जुना रिवाज. ग्राहक माल हाताळतो, घासाघीस करतो आणि मगच कनवटीचा पैसा सोडतो. मोबाईलवरून होणाऱ्या घरबसल्या खरेदीने हा क्रम उलटा केला. येथे पैसा आधी जातो, माल मागाहून येतो आणि विक्रेता तर दिसतच नाही. माल हाती आल्यावर रोख पैसे देण्याची पद्धत भारतात रुजली, ती ग्राहकाच्या मागासलेपणामुळे नव्हे. मडके वाजवून घेण्याचा हक्क सोडायला तो तयार नव्हता, इतकाच तिचा अर्थ.

यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि रोकडविरहित व्यवहारांचा उद्घोष सुरू झाला. आज भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोडचा फलक दिसतो. या सोयीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो सोयीबरोबर आलेली जोखीम कोणाच्या माथी आली, हा.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक महत्त्वाचे परिपत्रक काढले. ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने ते कळवले, तर त्याला कोणतीही तोशीस लागू नये. दोष ग्राहकाचा असल्यास तो सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, असे त्यात म्हटले होते. तत्त्व उत्तमच. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगितल्यामुळे, पैसे गेले तर तक्रार नोंदवीपर्यंतचे सारे नुकसान त्याच्याच पदरी. फसवणुकीचे मर्म नेमके येथे आहे. आजचा चोर कुलूप तोडत नाही. तो घरमालकाकडूनच कुलूप उघडवून घेतो. बनावट दुकानाला पैसे पाठवणारा, किंवा परतावा मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या थापेला भुलून पिन दाबणारा ग्राहक कागदोपत्री स्वखुशीने पैसे देणारा ठरतो.

यावर अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : सावध राहा. या उपदेशाची शक्ती किती, हे एका उदाहरणावरून दिसते. जुने कपाट विकायला काढणाऱ्याला खोटा गिऱ्हाईक पैसे देण्याऐवजी पैशांच्या मागणीचा संदेश पाठवी आणि 'पैसे जमा होण्यासाठी पिन घाला' असे सांगे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे वर्षानुवर्षे कानीकपाळी ओरडून सांगितले गेले, तरी माणसे फसत राहिली. अखेर ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. कोट्यवधी लोकांना शहाणे करण्यापेक्षा यंत्रणेतील एक दार लावून घेणे अधिक परिणामकारक असते. आणि ते दार ग्राहकाच्या नव्हे, यंत्रणेच्या हाती असते.

ब्रिटनने हे ओळखले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे बँकेतून बँकेत तत्काळ पैसे पाठवताना फसलेल्या ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई देणे बंधनकारक झाले. तिचा भार पैसे पाठवणाऱ्या आणि ते स्वीकारणाऱ्या संस्थेने निम्मा निम्मा उचलायचा. यातील दुसरा भाग विशेष मोलाचा आहे. लुटीचा पैसाही कोणत्या तरी खात्यातच जमा होतो, आणि ते खाते ओळखपत्रे तपासून कोणत्या तरी बँकेनेच उघडलेले असते.

अशाने ग्राहक बेफिकीर होतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु घोर हलगर्जीपणाचा अपवाद ब्रिटिश नियमातही आहे. आणि हौसेने फसणारा माणूस विरळाच. जोखीम टाळण्याचे साधन ज्याच्यापाशी आहे, त्यानेच तिची किंमत मोजावी, हा अर्थशास्त्राचा साधा न्याय आहे. किंमत मोजावी लागली की बँका भाडोत्री खाती शोधतील, संशयास्पद व्यवहार थोपवतील. आज त्यांना तशी निकड नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी तक्रार अधिकारी दिला, विक्रेत्याने आपला तपशील द्यावा असा दंडक घातला. पण खोट्या पत्त्यावर नोटीस बजावता येत नाही. १९७० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या ग्राहक चळवळीने सांगितले होते की एकटा ग्राहक दुबळा असतो, संघटित ग्राहक नव्हे. मापातल्या लबाडीविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या चळवळीपुढे आता नवी मागणी आहे : फसलेल्या ग्राहकाला भरपाईचा कायदेशीर हक्क, आणि तिच्यात दोन्ही बाजूंच्या बँकांचा वाटा. हे होत नाही तोवर 'सावध राहा' हा सल्ला म्हणजे बळी गेलेल्यालाच दोषी ठरवणे होय.