खेळ पोरांचा आणि थोरांचा

मुले सदैव मोबाइलवर खेळतात म्हणून घराघरांत कुरबुर चालू असते. ती अनाठायी नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ मात्र त्यातून वगळले. हा भेद योग्यच आहे. द्यूत आणि क्रीडा यांतील अंतर महाभारत ऐकत वाढलेल्या समाजाला नव्याने सांगावे लागू नये!

आमची खरी चिंता वडीलधाऱ्यांच्या खेळाची आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटविण्यात आले. मराठा आरक्षण आंदोलनाविषयीच्या त्यांच्या कथित वक्तव्याची ध्वनिफीत त्यापूर्वी हातोहात पसरली होती. बीडमध्ये संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. ती फीत पुढे ढकलणारे हात काय शाळकरी पोरांचे होते? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. गुन्हा गुन्हेगारांचा, समाजमाध्यमांवर झुंज लागली ती मात्र जातींची. अखेर २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी कर्मचाऱ्यांच्या नामफलकांवरून आडनावेच हटविली. फलकावरचे आडनाव आदेशाने उतरते. मोबाइलमधील गटांवर असा आदेश कोण काढणार?

मुलाच्या हातून मोबाइल काढून घेणाऱ्या पालकाने आज रात्री एवढेच करावे: दिवसभरात आपण काय काय पुढे पाठविले, ते त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.