पहिल्या रिमांडला कोण उभं आहे?

आपल्या पोरांना कलमं पाठ आहेत. चौदा, सतरा, एकवीस, झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगतील. पण वस्तीतल्या एखाद्याला रात्री दोनला उचलून नेलं तर सकाळी कोर्टात त्याच्या बाजूला कोण उभं राहणार, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मग कोणीतरी म्हणतो, मोर्चा काढू.

काढा की. मी फौजदारी बाजूचा वकील आहे आणि मोर्च्यातूनच इथं आलोय. पण मोर्च्याची परवानगी मिळेपर्यंत आत गेलेल्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

दोस्तांनो, रिमांड म्हणजे काय ते एकदा बघून या. कायदा सांगतो, अटकेपासून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. करतात. बोर्डावर कामांचा ढीग. मॅजिस्ट्रेट कागदातून मान वर न काढता विचारतो, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' पोराचा दंड ज्यानं धरलाय तो हवालदार शेजारीच. परत त्याच्याच गाडीतून जायचंय. पोरगं म्हणतं, 'नाही साहेब.' झालं. कागदावर तीन शब्द उमटतात: आरोपीची तक्रार नाही.

हे तीन शब्द कुठवर चालत जातात ते परभणीनं दाखवलं. १० डिसेंबर २०२४ ला तिथं बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी होता. वय ३५, वडार समाजाचा, कायदा शिकणारा. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळं आलेला शॉक असं निघालं. आणि विधिमंडळात काय सांगण्यात आलं? मारहाण झालीच नाही, तसं त्यानंच मॅजिस्ट्रेटला सांगितलं होतं!

त्याची आई हटली नाही. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर तिच्यातर्फे औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार दिल्लीला पळालं, ३० जुलैला तिथंही हरलं. पोरगा मेल्यावर साडेसात महिन्यांनी हे मिळालं, आणि मिळालं काय? शिक्षा नाही, खटला नाही. नुसता गुन्हा नोंदवायचा हुकूम. तेवढ्यासाठी एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आता जामिनाचं. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं आपल्या लोकांना वाटतं. पेढेसुद्धा वाटतात. माझ्याकडं एक मोबाइलचोरीची केस होती. पंधरा हजारांचा जामीन मंजूर. आई भंगार वेचणारी. जामीनदार पाहिजे, त्याचा ऐपतीचा दाखला पाहिजे, रेशनकार्ड पाहिजे. रेशनकार्डावरचा पत्ता ज्या झोपडपट्टीचा, ती महापालिकेनं कधीच सपाट केलेली. जामिनाच्या ऑर्डरनंतर पोरगा दोन महिने आत. कोर्टाच्या गेटाबाहेर भाड्याचे जामीनदार उभे असतात, त्यांचाही भाव त्या बाईला परवडेना. शेवटी रक्कम कमी करून घेतली तेव्हा सुटला.

१९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं हेच झालं होतं. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीनदार व्हायला तयार, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो चालेना! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मॅजिस्ट्रेटचे कान उपटले आणि मोतीरामला हजाराच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावं लागलं: जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. मधे पंचेचाळीस वर्षं गेली. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे गुन्हा शाबीत न झालेली. त्यांच्यात साधारण पाचातला एक आपला.

वरच्या कोर्टाचं काम फुकट आहे असं मी म्हणत नाही. जेलमध्ये झाडू कोणत्या जातीनं मारायचा आणि स्वैपाक कोणत्या जातीनं करायचा, हे काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत चक्क छापलेलं होतं. एका महिला पत्रकारानं याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला लावला. मोठा निकाल. पण निकाल दिल्लीत आणि रजिस्टर जेलरच्या टेबलावर. ते उघडून बघायला रोज जेलच्या दारात जाणारा वकील लागतो.

आणि आपले शिकलेले काय म्हणतात? फौजदारी वकील म्हणजे चोराचिलटांचा वकील. घरात सांगायला लाज वाटते म्हणे. अरे, १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन'च्या खटल्यात जवळकर-जेध्यांना शिक्षा झाली, तेव्हा अपिलात पुण्याला बाबासाहेबच उभे राहिले आणि सगळ्यांना सोडवून आणलं. आरोपीच्या बाजूला उभं राहायला त्यांना लाज वाटली नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सांगतो की कोठडीतल्या माणसाला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळालाच पाहिजे. हा वकील कागदावर असतो. फी तुटपुंजी, त्यामुळं पुष्कळदा त्याला आरोपीचं नावही ठाऊक नसतं. त्या यादीत आपली पोरं-पोरी का नाहीत? तिथं नाव घालायला कोणाच्या बापाची शिफारस लागत नाही, सनद आणि कामाचा अनुभव लागतो. अनुभव नसेल तर आमच्यासारख्याच्या हाताखाली या, मिळेल.

आम्ही पाच जणांनी पाळ्या लावल्यात. सोमवार ते शनिवार भागतंय. अडतं रविवारी. शनिवारी रात्री उचललेला माणूस रविवारी सुट्टीच्या कोर्टापुढं येतो, त्या दिवशी बाररूमला कुलूप असतं. पोलिसांना हे बरोबर ठाऊक आहे. रविवारसाठी दोन माणसं पाहिजेत.