नवले पुलाची सवय होऊ देऊ नका!

नऱ्हे, आंबेगाव, वडगाव बुद्रुक, धायरी परिसरातील नागरिकहो,

गुरुवारी, १३ नोव्हेंबर २०२५ला संध्याकाळी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावर एक भरधाव कंटेनर वाहनांवर वाहनं उडवत गेला. दोन अवजड गाड्यांच्या मध्ये सापडलेली मोटार आतल्या माणसांसह जळाली. किमान आठ जीव गेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्याच उतारावरून हिंजवडीला, बाणेरला, वारज्याला कामावर निघालो. निघणारच, दुसरा रस्ता दिलाय कुणी? आमचा संताप आहे तो याचाच.

नवीन कात्रज बोगद्यातून सुटलेली गाडी दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, भूमकर चौक करत थेट आपल्या दारात उतरते. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक तापतात, आणि खाली लेकराला मागे बसवून दुचाकीवर आई उभी असते. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एकाच टँकरने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या. एप्रिल २०२३मध्ये स्वामीनारायण मंदिराजवळ ट्रक खासगी बसवर आदळला, चार जण गेले. दर वेळी पाहणी दौरे झाले, रंबलर आले, कॅमेरे आले, फलक आले. सेवा रस्ता मात्र आजही तुकड्यातुकड्यांत आहे.

‘ब्रेक फेल झाला, त्याला कोण काय करणार?’ असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायला आम्हाला वेळ नाही. कंटेनर आणि शाळेची व्हॅन एकाच लेनमध्ये का, एवढंच सांगा. ‘रिंग रोड झाला की सुटेल’ हेही पुरे झालं. तो होईपर्यंत मरायचं का?

इथे अपघात झाला की वडगाव पूल, सिंहगड रस्ता, कात्रज चौक, वारजे, सगळं तुंबतं. पीएमपीची बस मध्येच अडकते, रिक्षावाले नाही म्हणतात. मग दिवसभर राबलेली माणसं डब्याच्या पिशव्या घेऊन अंधारात महामार्गाच्या कडेने चालत घर गाठतात. सेवा रस्ता संपतो तिथे रुग्णवाहिका सायरन वाजवत उभी राहते. पुढे वाट नाही, मागे वळायला जागा नाही. गुरुवारी आपल्या भागातली पोरं रात्री उशिरापर्यंत भूमकर चौकात शिट्ट्या फुंकत वाहनं वळवत होती. ना पद, ना मानधन. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. त्याच वेळी काही जण वाटेतच दुचाकी लावून मोबाईलवर चित्रण करत होते. त्यांनी घरी जाऊन आपल्या मुलांना तोंड कसं दाखवलं?

मागण्या सरळ आहेत. दोन्ही बाजूंचा सेवा रस्ता सलग करा. भूसंपादनाची सबब आम्ही ऐकणार नाही. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी अवजड वाहनं बोगद्याच्या पलीकडेच थांबवा. खेड शिवापूरला टोल कापायला यंत्रणा आहे, तर ब्रेक तपासायला का नाही?

आता तुम्ही काय करायचं? प्रत्येक सोसायटीने या आठवड्यातच बैठक घेऊन ठराव करावा. लेटरहेडवर निवेदन लिहून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, वाहतूक पोलीस, महापालिका, आमदार, खासदार सगळ्यांना द्यावं. अपघातामुळे कामाला खाडा पडला असेल, परीक्षा चुकली असेल, दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला असेल, तर तारखेसह लिहून द्या. नुसत्या ‘फार त्रास होतो’वर कुणी हलत नाही. सेवा रस्त्यावर उलट्या दिशेने गाडी घालणं आजपासून बंद. पाच मिनिटं वाचवायला शेजाऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याने आमच्याबरोबर आंदोलनात येऊ नये.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता भूमकर चौकात जमायचं आहे. रस्ता अडवायचा नाही, कडेला उभं राहायचं. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून हजेरी लागत नाही, स्वतः या. तोवर निवेदन देऊन झालेलं असलं पाहिजे. शिक्क्याची पोच सोबत आणा, तिथेच सगळ्या एकत्र लावून पुढच्या आठवड्यात थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं आहे.