पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे

हिंगोली जिल्ह्यात तालुके पाचच. कळमनुरी असो की सेनगाव, दवाखान्यातल्या संगणकावर बसणारा आणि तपासणीला आलेला रुग्ण बहुधा ओळखीचे निघतात, कधी नात्यातलेही. अशा ठिकाणी कोणाला एचआयव्ही आहे, कोणाचा गर्भपात झाला, हे फुटायला परदेशी हॅकर लागत नाही. संगणकापर्यंत हात पोहोचला की पुरे. आणि एकदा फुटलेली गोष्ट मोडलेल्या सोयरिकीसारखी, परत जुळत नाही.

संगणक सुरू होताना पासवर्ड मागतो, म्हणजे फायली सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. हा पासवर्ड फक्त विंडोजच्या दारातला रखवालदार. पेनड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली, किंवा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की त्याला विचारतो कोण? डिलीट केलेल्या फायलीही पुष्कळदा परत मिळतात, कारण आधी पुसली जाते ती नोंद, मजकूर तसाच राहतो. म्हणून दुरुस्तीला दिलेला आणि भंगारात विकलेला संगणकही धोक्याचा.

खरे कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. यात डिस्कवरचा मजकूरच सांकेतिक होतो. चावीशिवाय तो निरर्थक. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर, लिनक्समध्ये लक्स आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट ही सोय आधीच असते. मात्र संगणक चालू असेपर्यंत चावी मेमरीत असते. वीज गेल्यावरही ती काही क्षण टिकते आणि चिप थंड केली तर त्याहून जास्त, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. त्यामुळे रात्री संगणक ‘स्लीप’वर न ठेवता पूर्ण बंद करावा. सर्वांनी एकच लॉगिन वापरले तर एन्क्रिप्शनही व्यर्थ. प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. आणि रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवावी. ती हरवली, तर नोंदी डॉक्टरांनाही मिळणार नाहीत.

एचआयव्हीविषयक 2017 च्या कायद्याने अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थांवर तिच्या संरक्षणाची जबाबदारी टाकली आहे. पण कायदा कागदावर आणि डिस्क उघडी, हे चालणार नाही. दवाखान्याला संगणक देतानाच एन्क्रिप्शन सुरू करून देणे आणि तो भंगारात काढण्यापूर्वी डिस्क नष्ट करणे, हे दोन नियम आरोग्य विभागाने सक्तीचे करावेत. औषधांच्या कपाटाला कुलूप लागते. रुग्णाच्या गुपिताला का नको?