तुरळक ठिकाणी

माघाच्या अखेरीस एखाद्या संध्याकाळी 'उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता' हे वाक्य रेडिओवरून कानी पडते, तेव्हा ते लिहिणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा; आणि ही तफावत किती महाग पडते, हे निफाड तालुक्यातल्या एका शेताच्या बांधावर मी प्रत्यक्ष पाहिले आहे. काढलेला रांगडा कांदा उघड्यावर ढीग घालून ठेवलेला, शेजारीच ताडपत्रीची घडी जशीच्या तशी, आणि ढिगावर गारांचा थर अजून पुरता विरघळलेला नाही. घरधनी शांतपणे म्हणाले, "तुरळक सांगितला व्हता ना भाऊ, म्हनलं, चार थेंब येतील अन् जातील."

त्यांच्या मराठीत काहीही खोट नव्हती. आपण तुरळक म्हणतो ते विरळ, किरकोळ, अशाच अर्थाने. हवामानखात्याच्या परिभाषेत मात्र हा शब्द क्षेत्राचा वाचक आहे, तीव्रतेचा नव्हे: एखाद्या विभागातील 25 टक्के वा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला, की तो 'तुरळक ठिकाणी'; निम्म्यापर्यंत गेला की 'काही ठिकाणी'. जिथे पडेल तिथे किती निष्ठुरपणे पडेल, याविषयी तो शब्द मुळी बोलतच नाही. आणि गार ही तर स्वभावतःच तुरळक! नाल्याच्या अलीकडची द्राक्षबाग घडांसकट झोडपून काढावी आणि पलीकडच्या बागेत पानही हलू नये, ही तिची रीत.

उत्तर भारतावरून सरकणाऱ्या पश्चिमी झंझावाताची वरच्या थरातील थंडी आणि समुद्रावरून आलेले बाष्प यांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. शिवाय या दिवसांत गोठणबिंदूची पातळी पावसाळ्यापेक्षा खाली असल्याने गार वाटेत वितळत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भाने आणि 26 नोव्हेंबर 2023 रोजी नाशिक जिल्ह्याने याचा अनुभव घेतला. अशी गार कोणत्या शिवारात पडेल, हे तीन दिवस आधी सांगावे अशी अपेक्षा वेधशाळेकडून करणे अन्यायाचे होईल. (1928 साली सिमल्याहून पुण्यास आलेल्या कचेरीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात, थंडीचा जाब तिथेच विचारायचा, हा विनोद त्यामुळे आयताच होतो.) रडारच्या साहाय्याने दोन-तीन तासांचा इशारा मात्र देता येतो. तेवढ्यात द्राक्षबाग वाचत नाही, हे खरे. परंतु कांद्यावर ताडपत्री पडते, जनावरे गोठ्यात जातात आणि बांधावरच्या झाडाखाली उभा राहिलेला गडी वेळीच घर गाठतो.

पण खरी मौज गार पडून गेल्यावर सुरू होते. जो सरकारी कारभार आदल्या दिवशी इशारा देताना जिल्ह्याखाली उतरायला तयार नसतो, तोच दुसऱ्या दिवशी गटनंबर विचारत बांधावर हजर होतो. तलाठी (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. नुकसान 33 टक्क्यांहून कमी भरले तर मदत नाही. पीकविम्याची सूचना 72 तासांच्या आत दिली नाही तर अलीकडेपर्यंत दावा अडत असे. पंचनाम्यासाठी काढलेल्या त्या कांद्याच्या छायाचित्राच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे कितीतरी घरे उमटले होते!

या काटेकोरपणाचा अल्पसा अंश आधी खर्च करावा, एवढीच माझी दरखास्त आहे. हवामानखात्याच्या इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर न करता तहसील कचेरीने चावडीच्या फळ्यावर सरळ लिहावे: 'उद्या दुपारनंतर चार गावांपैकी एखाद्या गावात गार पडण्याचा संभव आहे, ते गाव तुमचेही असू शकेल, पडली तर जोराची पडेल, काढलेला माल झाका.'