जमेची कीर्द, खर्चाचे मौन

आमच्या इंदूरला स्वतःची पाठ थोपटून घेण्याची सवय जडली आहे, आणि ती अगदीच अकारण नाही. २०१७ पासून सलग सात स्वच्छता सर्वेक्षणांत हे नगर पहिले आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओला कचरा पचवून त्यापासून वाहनांचे इंधन करणारा प्रकल्प येथे सुरू झाला. ओला कचरा ढिगात कुजला की मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक ठरतो. तेव्हा हे काम मोलाचे आहे, याविषयी दुमत नाही. आमचे भांडण आहे ते एवढ्यावरच हरित नगरी म्हणून मिरवण्याशी. किती वायू वाचवला हे सांगायचे आणि किती सोडला हे सांगायचे नाही, याला हिशेब म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा २०१९ सालचा खर्च उघड मांडला : सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यात इमारती व उद्योगांतील वीज-इंधनाचा वाटा ७२ टक्के, वाहतुकीचा २० आणि कचऱ्याचा अवघा ८. इंदूरचे प्रमाण हुबेहूब हेच असेल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु रुपयातल्या सव्वा आण्याचे ढोल वाजवून उरलेल्या पावणेपंधरा आण्यांविषयी अवाक्षर न काढणे कोणत्या फडाला शोभले असते?

दूर कशाला, आपल्या नळाचेच पाहा. १९७८ पासून आपण नर्मदेचे पाणी पितो. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून येते. तेथून इंदूर चारशे मीटर उंच. हजार लिटर पाणी एवढे चढवायला, पंपांची तूट आणि वाटेतला घाटमाथा न धरताही, एक युनिटाहून अधिक वीज लागते. आपल्या देशात युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माणशी १३५ लिटर या सरकारी मापाने पाच जणांच्या घराला महिन्याला वीस हजार लिटर लागतात; म्हणजे किमान चौदा-पंधरा किलो वायू केवळ पाण्यापोटी. स्वयंपाकाचा एक सिलिंडर जळून सुमारे बेचाळीस किलो होतो, त्याचा हा तिसरा हिस्सा. तोटी उघडताना हे कुणाच्या मनात येते? धूर निघतो तो दूरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून, म्हणून तो आपला नव्हे, ही सोयीची समजूत आहे. शहरांच्या मोजणीची जी जागतिक नियमावली २०१४ साली ठरली, ती स्पष्ट सांगते की धुराडे कुठेही असो, वीज ज्या गावाने वापरली त्याच्या नावे ती मांडावी. जलूदच्या सौर प्रकल्पासाठी महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, ते स्वागतार्हच. पण आधीचा आकडा जनतेपुढे नसेल तर नंतरची घट कशाशी ताडायची? (जलूदहून महेश्वर फार दूर नाही. अहिल्याबाईंच्या चोख हिशेबाचे गोडवे आपण दर पुण्यतिथीला गातो, म्हणून हा उल्लेख.)

आमच्याच मंडळींतून आक्षेप येतो की, अमेरिकेच्या मानाने आपण दरडोई कितीसा वायू सोडतो? आक्षेप खरा, आणि तितकाच लबाड. वाडे विकून सदनिकांत गेलेल्या, तीन-तीन वातानुकूलन यंत्रे लावणाऱ्या आपल्या घरांचा खर्च आणि त्याच प्रभागातील पत्र्याच्या खोलीचा खर्च एकत्र करून जी सरासरी निघते, तिच्या पदराआड आपण लपतो. गरिबाच्या काटकसरीवर आपण आपला पुण्यसंचय दाखवतो. म्हणूनच मोजणी प्रभागवार हवी, दरवर्षी हवी, आणि प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर हवी. सल्लागाराकडून एकदा अहवाल लिहवून घेऊन कपाटात ठेवण्याला आम्ही मोजणी मानत नाही. विकलेली युनिटे, सिलिंडर, पंपांवरचे पेट्रोल-डिझेल, या साऱ्याच्या नोंदी कुठे ना कुठे रोज होतच असतात. त्या एका वहीत आणायला नवे शास्त्र लागत नाही.

तोवर आपण स्वस्थ बसण्याचे कारण नाही. पुढील सभेस येताना सभासदांनी बारा महिन्यांची वीजबिले व सिलिंडरांची नोंद सोबत आणावी. बेरीज आम्ही करू. पहिल्या ओळीत आमच्या घराचा आकडा असेल. तो काढून पाहिला आहे, आणि मिरवण्याजोगा मुळीच नाही.